घरातल्या कुणाला पोलीस घेऊन गेले, तर आधी वेळ लिहून ठेवा

तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात नातेवाईक मला गाठतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, आज सुटेल का?" माझाही पहिला प्रश्न ठरलेला आहे. "किती वाजता नेलं?" बहुतेकदा उत्तर येतं, "सकाळीच." सातला की अकराला, गाडी कुठली होती, त्या वेळी दारात कोण होतं, असं विचारायला लागलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कागदावर मात्र अटकेची वेळ स्वच्छ लिहिलेली असते. संध्याकाळचे पावणेसात.

आरोपीला कायद्याने दिलेले बरेचसे हक्क घड्याळाला बांधलेले आहेत. चोवीस तास, पंधरा दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस. घड्याळ कधी सुरू झालं हेच सांगता आलं नाही, तर हक्क पुस्तकात राहतो. हे टिपण आत बसलेल्या माणसासाठी नाही, बाहेर धावपळ करणाऱ्यांसाठी आहे, कारण त्याचा फोन तर पहिल्या दहा मिनिटांतच काढून घेतलेला असतो.

एक खुलासा आधीच करतो. १ जुलै २०२४ पासून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली. ठाण्यात आणि बाररूममध्ये मात्र अजून जुनेच आकडे तोंडात आहेत. म्हणून खाली नवं कलम आणि गरज पडेल तिथे कंसात जुनं, असं दिलं आहे.

आधी ठरवा: बोलावलंय, की पकडलंय?

"जरा ठाण्यात येऊन जा, साहेबांनी बोलावलंय." या वाक्याला कायद्यात जागा नाही. पोलिसांना माणूस हवा असेल तर तो साक्षीदार म्हणून हवा आहे, संशयित म्हणून हवा आहे, की अटक करायची आहे, हे त्यांना ठरवावं लागतं. तुम्हीही तेच विचारा, शांतपणे आणि शक्यतो दुसऱ्या कुणासमोर.

साक्षीदार म्हणून हवा असेल तर कलम १७९ (जुनं १६०) प्रमाणे लेखी आदेश लागतो. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठ वर्षांवरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. आजीला रिक्षात घालून ठाण्यात नेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, केवळ फोनवर हवालदाराचा आवाज चढला म्हणून.

संशयित म्हणून हवा असेल आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस येते. हीच ती जुनी "४१-अ ची नोटीस". सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उठसूट अटक करायची नाही, अटक का हवी याची कारणं लिहायची, नाहीतर नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात ठणकावून सांगितलं. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, करायची तर तपास अधिकाऱ्याला त्याची कारणं लिहावी लागतात. नोटीस न पाळणाऱ्याला मात्र त्याच कारणाने उचलता येतं. म्हणून नोटीस आली की दोन गोष्टी करायच्या. दिलेल्या वेळी जायचं, आणि गेल्याची लेखी पोहोच घ्यायची. पोहोच देत नसतील तर त्याच दिवशी ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर दोन ओळी टाकायच्या: अमुक वाजता आलो, अमुक वाजेपर्यंत बसलो, अमुक अधिकाऱ्यांनी जबाब घेतला.

ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावणं चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. पण म्हणून ती आली तर "बेकायदा आहे" म्हणत घरी बसू नका. वकिलाला दाखवा आणि उत्तर द्या. मुद्दा बरोबर असणं आणि सोमवारी सकाळी लॉकअपमध्ये असणं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

साठीच्या पुढचं किंवा दुर्बल माणूस असेल आणि गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक नाही. हे ३५(७) मध्ये नव्याने आलं आहे, आणि सगळ्या ठाण्यांत अजून ते मुरलेलं नाही.

घेऊन जाताना

घरच्या ग्रुपवर त्याच क्षणी एक मेसेज टाका. मोठा नको. "बाबांना आत्ता नेलं. पांढरी बोलेरो, नंबरचे शेवटचे चार आकडे अमुक. दोन साध्या वेशात, एक गणवेशात. समोरचे काका होते." मेसेजवर वेळ आपोआप पडते. एवढ्या एका मेसेजने पुढे काय काय होतं ते शेवटी येईलच.

अटक कधी सुरू झाली हे कागदावर लिहिलेल्या वेळेवरून ठरत नाही. माणसाला मनाप्रमाणे उठून जाता येत नाही, तिथपासून अटक सुरू, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी घेतलेली आहे. "चौकशीला बसवून ठेवलंय, अटक नाही" हे उत्तर म्हणूनच फसवं असतं. दिवसभर बाकावर बसवलेल्या माणसाला "मी जेवून येऊ का?" असं विचारायला सांगा. नाही म्हणाले, तर काय समजायचं ते समजा.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. अंगझडतीही स्त्रीनेच घ्यायची. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर हे सगळं टिपणच बाजूला ठेवा. त्याला लॉकअप नाही, बेडी नाही, कोर्टही हे नाही, बाल न्याय मंडळ आहे. शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन धावा, बाकी नंतर.

आणि दारात हुज्जत घालू नका. पोलिसाचा हात धरला, गाडीपुढे आडवं झालं, की मूळ गुन्हा राहतो बाजूला आणि भावावर वेगळा गुन्हा लागतो. सरकारी कामात अडथळा म्हणून गावोगाव माहीत असलेलं ते "३५३" आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे, धाक तोच आहे. एका घरातले दोघे एकाच दिवशी रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला कोर्टात, आलेले पाहिले की कुणाचे पैसे आधी भरायचे, याचीच चर्चा घरात सुरू होते.

घरझडती घ्यायला आले असतील तर कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. पंच कोण आहेत ते बघा, घरातल्या एकाने झडतीभर सोबत राहा, आणि जप्त मालाच्या यादीची प्रत मागून घ्या.

ठाण्यात: पाच कागद, आणि एक जो कुणी मागत नाही

कोणत्या ठाण्यात नेलं हेच कळत नसेल तर जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला किंवा ११२ ला फोन लावा. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची नोंद ठेवायला एक नेमलेला अधिकारी असतो, सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालचा नाही, आणि ती माहिती ठाण्यात ठळकपणे लावायची असते. घरच्यांना किंवा मित्राला कळवणं ही कलम ४८ प्रमाणे पोलिसांची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही. एक रात्र उलटूनही कुणीच काही सांगत नसेल तर पोलीस अधीक्षकांना ईमेल करा आणि वकिलाला बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असं सांगणाऱ्या) याचिकेबद्दल विचारा. ती उच्च न्यायालयात होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे.

मागायचे कागद असे: एफआयआरची प्रत, अटकेचा मेमो, अटकेची कारणं लेखी, अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती, आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल. सहावा, जो कुणी मागत नाही, तो म्हणजे रिमांड अर्जाची, म्हणजे पोलिसांनी कोठडी मागितलेल्या अर्जाची, प्रत. तो दुसऱ्या दिवशी कोर्टात मिळतो. पोलिसांचं म्हणणं नेमकं काय आहे ते सगळ्यात आधी तिथेच कळतं.

एफआयआरसाठी भांडत बसायची गरज सहसा पडत नाही. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून ती शोधता येते.

अटकेच्या मेमोवर काय बघायचं? तारीख आणि वेळ. जागा. साक्षीदाराची सही, जो घरचा माणूस किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस असायला हवा. अटक झालेल्याची सही. आणि कुणाला कळवलं त्याचं नाव. १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली, मग ती कायद्यात आली, आता ती कलम ३६ मध्ये आहे. माझ्याकडच्या एका प्रकरणात मेमोवर "नातेवाईकांस समक्ष कळविले" असं छापील वाक्य होतं आणि पुढे नातेवाईकाच्या नावाची जागा कोरी. फॉर्म भरणाऱ्याने बाकी सगळं भरलं होतं, जातसुद्धा.

अटकेची कारणं हा वेगळा कागद आहे, त्याला मेमो समजू नका. "तपासासाठी आवश्यक", "पुरावा नष्ट करू नये म्हणून" ही सर्वसाधारण कारणं झाली, ती कुणालाही लागू पडतात. या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, कुठल्या माहितीवरून, हे लिहून हवं. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) मध्ये आणि संहितेच्या कलम ४७ मध्ये हा हक्क आहे. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात, आणि तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही कारणं सगळ्याच गुन्ह्यांत लेखी द्यायची, आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची. त्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात द्यायची. ते झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. मराठीच येणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद दिला असेल, तर तेवढा मुद्दाही वकिलाच्या कानावर घाला.

आतल्या माणसाला एकच निरोप पोहोचणार असेल तर

तो असा: नाव-पत्ता खरा सांग, कोऱ्या कागदावर सही करू नकोस, डॉक्टरला सगळं सांग.

नाव-पत्ता लपवण्यात काही मिळत नाही. उलट तेवढ्यावरूनही अटक होऊ शकते. त्यापुढच्या, स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नांना गप्प राहण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) देतो आणि तो कोर्टातच नाही तर ठाण्यातही चालतो, हे १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालापासून स्पष्ट आहे. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं (कलम ३८), मात्र पूर्ण चौकशीभर तो शेजारी बसेल असं नाही. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाहीत, हे २०१० च्या सेल्वी निकालाने ठरवलं. बोटांचे ठसे आणि फोटो यांना मात्र हा नकार लागू नाही.

सहीचं नीट समजून घ्या, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. पोलिसांनी कलम १८० (जुनं १६१) खाली घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. पंचनाम्यावर, मेमोवर आणि पावतीवर सही होते, ती वाचून करायची. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे. मग सिनेमात दाखवतात तसं पोलिसांना कबुली कशाला हवी असते? कारण त्याच कलमात एक फट आहे. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. "मी विळा गोठ्यामागे ठेवला आहे, चला दाखवतो." दोन पंच, गाडी, गोठा, विळा, पंचनामा. अनेक खटले या एका कागदावर उभे असतात, आणि पंच उलटल्यावर याच कागदावर बसतात. म्हणून पंचनाम्याच्या वेळी आपला माणूस खरंच त्या जागी गेला होता का, किती वाजता, हे भेटीत विचारून घ्या. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या) विशेष कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुलीही चालू शकते, तिथे सगळीच गणितं वेगळी आहेत.

आता डॉक्टर. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी होते (कलम ५३), अंगावर खुणा असतील तर त्या नोंदवायच्या असतात आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर रांगेतून मान वर न करता विचारतो, "काही त्रास?" शेजारी हवालदार उभा असतो. आपला माणूस म्हणतो, "नाही." केसपेपरवर "नो फ्रेश इंज्युरी" पडतं आणि मग पायाचे तळवे सुजलेले आहेत हे सहा दिवसांनी कुणाला पटवून देणार? मधुमेह, रक्तदाब, फिट येणं, चालू असलेली औषधं, सगळं त्याच वेळी सांगायचं. बाहेरच्यांनी औषधाची चिठ्ठी आणि गोळ्या ठाण्यात न्यायच्या.

चोवीस तासांच्या आत: कोर्टातली ती तीन मिनिटं

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, हे अनुच्छेद २२(२) आणि कलम ५८ सांगतं. रविवार असो की दिवाळी, सुट्टीच्या दिवशीही ड्यूटीवर दंडाधिकारी असतात. नातेवाईकांनी कोर्ट उघडायच्या आधी तिथे असावं. आरोपीला कधी आणतील याचा भरवसा नसतो, अकराला येतात किंवा पावणेसहाला.

दृश्य असं असतं. चार-पाच आरोपी एका रांगेत, तोंडावर रुमाल. शिरस्तेदार नाव पुकारतो. न्यायाधीश कागदावरून नजर वर करतात आणि विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" माणूस रात्रभर झोपलेला नसतो, मागे आणणारा शिपाई उभा असतो, परत त्याच गाडीतून त्याच ठाण्यात जायचं असतं. तो मान हलवतो. रोजनाम्यात नोंद होते: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पूर्ण खटल्यात इतकं कमी ऐकू येणारं आणि इतकं महाग पडणारं उत्तर दुसरं नसेल.

तक्रार असेल तर ती याच वेळी सांगायची. मारलं असेल तर कुठे मारलं, कधी मारलं. परवाच उचललं होतं तर परवा. खोटं मात्र काही सांगायचं नाही, कारण दंडाधिकारी लगेच दवाखान्यात पाठवू शकतात आणि अहवाल उलटा आला की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. ठाण्यात बोलायचं धाडस झालं नाही ते कोर्टात वकिलामार्फत लेखी द्या.

पोलीस इथे मागतात ती पोलीस कोठडी, सगळ्यांच्या तोंडी पीसीआर. ती संपली किंवा नाकारली की न्यायालयीन कोठडी, एमसीआर, म्हणजे तुरुंग. नवख्यांना "तुरुंगात पाठवलं" ऐकून धक्का बसतो. खरं तर वकील त्या वेळी हुश्श करत असतो, कारण चौकशीचा रेटा संपला आणि जामिनाचा अर्ज चालवायचा रस्ता मोकळा झाला.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागायची. नव्या कलम १८७ प्रमाणे ती तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येते. म्हणजे एमसीआर झाल्यावरही पोलीस पुन्हा ताबा मागू शकतात. ही तरतूद मला आरोपीच्या दृष्टीने वाईट वाटते, पण आज कायदा असा आहे. रिमांड अर्ज हातात घेऊन वकिलाने विचारायचं ते एवढंच की कोठडी नेमकी कशासाठी. हत्यार मिळालं, पैसे मिळाले, मोबाइल जप्त झाला, मग चार दिवस कशाला? "सखोल तपास करणे आहे" हे कारण नव्हे.

याच तारखेला वकिलाची लॉकअपमधली भेट, औषधं, आणि जरूर असेल तर घरचं जेवण, यांचा अर्ज देऊन टाका. वकीलपत्रावर आरोपीची सहीही इथेच उरकते.

वकील परवडत नसेल तर? कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही ती अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला समिती, आणि फोनवर १५१००. पहिल्याच हजेरीला वकील मिळायला हवा, हे १९८१ पासून ठरलेलं आहे. "फुकटचा वकील काय कामाचा" हे मी रोज ऐकतो. रिमांडला रोज उभा राहणारा तो वकील त्या कोर्टाची नाडी बाहेरून आणलेल्या नावाजलेल्या वकिलापेक्षा पुष्कळदा चांगली ओळखतो.

जामीन

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे (कलम ४७८), आणि तो ठाण्यातच मिळतो. जामीनदार आणायची ऐपत नसेल तर जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडता येतं. आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला कायदा निर्धनच धरतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो कोर्टाने द्यायचा, दंडाधिकाऱ्यांनी ४८० खाली, सत्र किंवा उच्च न्यायालयाने ४८३ खाली. अटकेपूर्वीची भीती असेल तर ४८२, जुनं ४३८.

जामीन झाला की घरात पेढे येतात आणि माणूस आणखी चार दिवस आतच राहतो. कारण जामीनदार. साधारण लागतं ते असं: आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक यांपैकी काहीतरी. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. सातबारा अलीकडचा काढा. त्यावर जामीनदारासोबत सहा चुलतभावांची सामाईक नावं आणि सोसायटीचा बोजा असेल तर बाबू तो परत करतो. जामीनदाराला हेही लिहून द्यावं लागतं की तो आणखी किती जणांना जामीन राहिला आहे (कलम ४८६). कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे "तयार" जामीनदार घेऊ नका. त्यांचे कागद एकदा खोटे निघाले की जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा अंगावर येतो.

रक्कम किंवा अट झेपणारी नसेल तर ती कमी करायचा अर्ज करता येतो. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट आपणहून अटींचा फेरविचार करू शकतं, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिल्या आहेत. सुटकेचा आदेश तुरुंगाच्या दारातल्या जामीनपेटीत पडायची वेळ चुकली की मुक्काम एका रात्रीने वाढतो. त्या तुरुंगाची वेळ आधी विचारून ठेवा.

साठ आणि नव्वद

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. पहिला रिमांड ज्या दिवशी झाला तो दिवस एक. अटकेचा नव्हे, रिमांडचा, आणि तो दिवस धरून मोजायचं, हे २०२३ मध्ये पक्कं झालं आहे. समजा रिमांड १० जूनला झाला. साठावा दिवस ८ ऑगस्ट, नव्वदावा ७ सप्टेंबर. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद, बाकी सगळ्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर ९ ऑगस्टला किंवा ८ सप्टेंबरला जामीन मागायचा हक्क तयार होतो. गुन्हा कितीही गंभीर असो, पुरावा कितीही असो.

पण तो मागावा लागतो. ९ तारखेला सकाळी अर्ज गेला आणि दोषारोपपत्र दुपारी आलं, तर जामीन. तुम्ही "उद्या बघू" म्हणालात आणि दोषारोपपत्र आधी आलं, तर हक्क गेला. म्हणून अर्ज आदल्या रात्रीच टाइप करून ठेवायचा आणि कोर्ट उघडताच आवक क्रमांक घ्यायचा. मकोका आणि यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत, आणि एनडीपीएसच्या (अंमली पदार्थ) मोठ्या प्रकरणांत त्याहूनही पुढे जाऊ शकते, तिथे हे कॅलेंडर चालणार नाही.

खटलाच रखडला तर कलम ४७९ आहे. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असलेल्यांना ते लागू नाही.

दोषारोपपत्र हातात आल्यावर

आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याची पूर्ण प्रत मोफत मिळते (कलम २३०). दोन-अडीचशे पानांचा गठ्ठा बघून घरचे तो पिशवीतच ठेवतात. तसं करू नका. वकील कायदा वाचेल, पण "हा पंच म्हणजे फिर्यादीचा मेहुणा" हे तुम्हालाच दिसणार आहे. एका वहीत तारीखवार उतरवा: फिर्याद कधी, अटक कधी, प्रत्येक पंचनामा किती वाजता सुरू आणि किती वाजता संपला, कुणाचा जबाब किती दिवसांनी. एकच माणूस एकाच वेळी दोन गावांत पंच म्हणून बसलेला मला याच वहीत सापडला होता.

आणि अटकेच्या मेमोवरची वेळ त्या पहिल्या मेसेजशेजारी मांडा. मेसेज १०:१२ चा आणि अटक १८:४५ ची असेल, तर मधले साडेआठ तास माणूस कुठे होता, हे सरकार पक्षाला सांगावं लागेल. मात्र स्क्रीनशॉटची छापील प्रत एकटी पुरत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन दाखवायची वेळ येऊ शकते. खटला उभा राहायला कधी तीन वर्षं लागतात. तोवर घरात दोन नवे फोन आलेले असतात. तो जुना, काच फुटलेला फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, चार्जरसकट कपाटात ठेवा.